डोळे शेवटी

टेबल बैठकीच्या खोलीत होतं, प्लायवूडचं. त्यावर मी आणि माझी बायको शिवगंगा, उदगीरची लढाई मांडत होतो. मातीचे बोटभर शिपाई, फासे टाकून पुढे सरकवायचे. मराठे माझे, निजाम तिचा. "कुणीतरी घ्यायला पायजे की त्याची बाजू," म्हणायची. माती तिच्या माहेरची, किल्लारीजवळची. रंग तीच द्यायची. माझा सरदार तिने माझ्यासारखाच केला होता, मिशीसकट, आणि गंमत म्हणून त्याला तेवढे उघडे डोळे रंगवले होते. बाकी सगळे बिनडोळ्यांचे.

"डोळे शेवटी," ती सांगायची. "डोळे आले की ते आपले राहत न्हाईत."

त्र्याण्णव साली गणपतीत ती माहेरी गेली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला. लातुरात आमच्या घराला तडासुद्धा गेला नाही. शिपाई आडवे झाले होते, ते मी परत उभे केले. ती आली नाही.

पुढे आमच्या गल्लीत क्लासेस आले, मेस आल्या, गच्च्यांवर पत्र्याच्या खोल्या चढल्या. माझी मुलगी आरती नांदेडहून फोन करायची.

"बाबा, घर शिकणाऱ्या पोरींना द्या अन् इकडं या. किती दिवस त्या बाहुल्या राखत बसणार?"

"बाहुल्या न्हाईत त्या."

"मग काय हायत?"

मी फोन ठेवायचो. तोवर शिपाई वळू लागले होते. रात्री समोरासमोर ठेवलेले सकाळी दाराकडे तोंड करून असायचे. मी वीज मंडळात वायरमन होतो. कारण सापडल्याशिवाय मला चैन पडत नाही. पाणसळ लावली, टेबल समतल होतं. बोअरच्या गाड्यांचा हादरा म्हणावा, तर पेल्यातलं पाणी हलत नव्हतं. उंदीर असतील म्हणून खडूची भुकटी पसरली. सकाळी भुकटीत एकही पाऊल नव्हतं. प्रत्येक शिपायाच्या पायाखाली फक्त एक स्वच्छ गोल होता, जागच्या जागी फिरल्यासारखा.

वाट बघणाऱ्यांना सोडून घराला कुलूप कसं लावायचं?

शेवटी आरती स्वतःच आली. टेबलावरचा एक शिपाई उचलून बघितला.

"गोदावरीत सोडू यांना," ती म्हणाली. "आईच्या अस्थीसुद्धा सोडता आल्या न्हाईत."

मी माझ्या हातानं एकेक शिपाई गवतात गुंडाळून टोपलीत ठेवला. माझा सरदार सोडला तर सगळे बिनडोळ्यांचे. एसटीत टोपली माझ्याच मांडीवर होती.

नांदेडच्या घाटावर आरतीनं गवत बाजूला केलं.

"बाबा, यांना डोळे कधी रंगवले?"

मी वाकून बघितलं. सगळ्यांना डोळे होते. बारीक, काळे, डावा जरा वर. शिवगंगेचा हात तसाच चालायचा.

काम पुरं झालं होतं. ते आता आमचे नव्हते.

एकेक पाण्यात सोडला. माती हळूहळू विरघळत गेली. छाती हलकी झाली. तिथंच, घाटावर, मला सणकून भूक लागली. अशी भूक कित्येक वर्षांत लागली नव्हती.

"घरी जाऊन भाकरी टाक," मी आरतीला म्हणालो. ती रडता रडता हसली.

टोपलीच्या तळाशी माझा सरदार उरला होता.

त्याचे डोळे मिटलेले होते.

मी बोट लावून पाहिलं. रंग ओला होता.