बशीत सांडलेली भीती

माइक पुढे धरून हुहाना आपल्याच घराच्या लाकडी फरशीखाली सरपटत शिरली, तर तिथे आधीच कुणीतरी पालथं पडलेलं.

"हलू नका," बुटांच्या पलीकडून आवाज आला.

"माझ्या घराखाली येऊन मलाच सांगता?"

"श्श... ते चिडतील."

'ते' म्हणजे कोण, हे विचारायच्या आतच ती ज्याच्यासाठी आली होती तो आवाज आला. सर्दी झालेल्या गाढवाने घसा खरवडावा आणि मध्येच तान्ह्या मुलाने टाहो फोडावा, तसा. हुहानाच्या अंगावर काटा आला, चेहऱ्यावर हसू. भयपटांच्या ट्रेलरना भीतीदायक आवाज जोडणं हे तिचं काम. असलं काही ती वर्षभर शोधत होती.

"किती सुंदर!" ती पुटपुटली.

बुटांच्या मालकाने मान वळवली. गालाला माती, केसांत कोळिष्टक. "हे ऐकून 'सुंदर' म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं मला."

"ओरडतंय कोण?"

"केविन. निळा पेंग्विन आहे. डॉरीनला, म्हणजे बायकोला बोलावतोय... आणि तुम्ही नवरा-बायकोचं खासगी बोलणं रेकॉर्ड करताय."

"बायको येते? असल्या हाकेला?"

"धावत. आपल्याला नसतं जमत."

दोघं बाहेर आले. आयलंड बेच्या समुद्रवाऱ्याने क्षणात दोघांचे केस उभे केले. त्याचं नाव फर्गस. किनाऱ्यावरच्या घरांखाली घरटी करणाऱ्या या पेंग्विनांची देखभाल ही त्याची नोकरी. जाताना तो म्हणाला, "रेकॉर्डिंगची एक प्रत द्याल? नोंदीसाठी."

"नोंदीसाठीच ना?"

"तूर्तास..." म्हणत तो उतारावरून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती प्रत घ्यायला तो हुहानाच्या मिरामारमधल्या स्टुडिओत हजर झाला, तेव्हा स्टुडिओची मालकीण ग्लेनिस त्याच्याकडे असं पाहू लागली, जणू देवानेच पाठवलाय.

"याआधी आलेला नाहीस ना कधी इथे? बस. हा धर."

आणि तिने त्याच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला, बशीसकट.

ग्लेनिसचा नियम साधा होता. ट्रेलर बाहेर पाठवण्याआधी रस्त्यावरचं एखादं माणूस आणायचं आणि हातात भरला कप देऊन त्याला तो दाखवायचा. चहा बशीत सांडला तर ट्रेलर पास. पण गल्लीतला खाटीक, पोस्टमन, लाँड्रीवाली, सगळे आता इतके निर्ढावले होते की ट्रेलर बघता बघता आरामात चहा पिऊन जात. आणि आजचा ट्रेलर चारच्या आत सिडनीच्या वितरकाला पसंत पडला नाही, तर स्टुडिओला कुलूप आणि हुहानाला पोटासाठी सिडनी.

दिवे मालवले. पडद्यावर जुनं घर. चढत जाणारा सूर, आधी छातीत जाणवणारा, मग कानात. दार किलकिलं झालं, आणि फटीतून कालची ती किंकाळी... हुहानाने ती संथ करून, खालच्या पट्टीत उतरवून, तिच्यावर तिचाच आणखी एक थर चढवला होता.

फर्गसचा चेहरा उजळला. "अरे, केविन!"

चहाचा थेंब हलला नाही.

"तुझ्या या केविनच्या..." ग्लेनिस दात आवळून म्हणाली आणि वितरकाला थोपवायला फोन घेऊन आत गेली.

हुहानाने चहाबरोबरच्या चीज स्कोनचे दोन तुकडे केले. मोठा त्याला दिला. "तू घाबरतोस तरी कशाला?"

"आवाजाला नाही. रोज कानाशी ओरडतात." त्याने स्कोन खाली ठेवला. "घरट्याला कान लावावा आणि आतून काहीच येऊ नये — तेव्हा. आपल्या आधी कुत्रा येऊन गेलेला असतो."

हुहानाने चावणं थांबवलं. मग हेडफोन चढवले. फ्रिजची घरघर कान विसरतो, ती थांबली की दचकतो, हे तिने शिकताना वाचलं होतं. वापरलं मात्र कधीच नव्हतं. तिने किंकाळी काढली. चढता सूर काढला. घरात नुसती रोजची कुजबुज ठेवली: घड्याळ, नळ, फरशीखाली झोपेत कुरकुरणारे पेंग्विन. मग एकेक काढून घेतलं. शेवटी कुरकुरही.

"धक्का कुठाय?" बाहेर येऊन ग्लेनिसने विचारलं.

"नाहीये."

"धक्क्याशिवाय ट्रेलर? पोरी, बरी आहेस ना?"

पण घड्याळात चार वाजायला आले होते, आणि दुसरं माणूस मिळणार कुठून? फर्गसच्या हातात पुन्हा भरला कप आला.

घड्याळ थांबलं. नळ थांबला. फरशीखाली... काही नाही.

बशीत चहा सांडला. बशीतून गुडघ्यावर. फर्गस "आई गं!" म्हणून उठलाच.

"पास!" ग्लेनिस ओरडली आणि तिने बटण दाबलं. ट्रेलर सिडनीला गेला.

फर्गस पँट पिळायला बाहेर गेला, तशी हुहाना मागे गेली. वारा दोघांना एकाच भिंतीशी ढकलत होता.

"खरं सांग. मुद्दाम सांडलास?"

"का?"

"मुद्दाम सांडला असशील तर फार गोड आहेस आणि माझा ट्रेलर भिकार आहे. खरंच घाबरला असशील तर ट्रेलर चांगला आहे, आणि... आणि बाकी काही नाही."

"घाबरलो. शपथेवर."

"अच्छा." तिला आनंद व्हायला हवा होता.

"पण ट्रेलर बघून नाही," फर्गस बुटांकडे पाहत म्हणाला. "मी पडद्याकडे पाहतच नव्हतो. तुझ्याकडे पाहत होतो. तुझा श्वास थांबला होता. मनात आलं, ही गेली सिडनीला... आणि हात हलला."

हुहानाचे कान लाल झाले. पण सवय जाते थोडीच? "म्हणजे चाचणी बाद."

"बाद."

"ग्लेनिसला सांगायला हवं."

"सांग. पण मग तू जाणार..."

एवढ्यात खिडकीतून ग्लेनिसने डोकं बाहेर काढलं. "हुहाना! वितरकाने ट्रेलर मध्येच बंद केला! म्हणतो, उरलेला बायको घरी आल्यावर बघीन!"

"तिथे आत्ता भरदुपार आहे!"

"तेच तर! काम आपलं!" खिडकी धाडकन मिटली.

"म्हणजे सिडनी नाही?" फर्गसने विचारलं.

"नाही." ती भिंतीला टेकली. "पण तुझा निकाल लागायचाय अजून. एका चाचणीवर आम्ही निष्कर्ष काढत नाही."

"मग काय करता?"

"पुन्हा पुन्हा पाहतो. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हवेत."

"बराच वेळ लागेल की."

"लागू दे," म्हणून तिने त्याचा ओला हात धरला. त्याला अजून बारीक कंप होता. किंवा कदाचित तिच्याच हाताला. दोन कंप असे एकमेकांत मिसळले, तरी मूळ कोणत्या हाताचा हे वेगळं काढता येतं. तिला ते चांगलं ठाऊक होतं. तिने काढलं नाही.