टपावरची थाप

सेनगावजवळच्या तांड्यावरचा दिपक हिंगोलीला गेला होता तो फक्त मोबाइलची फुटलेली काच बदलायला. दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं. सेनगाव-हिंगोली काळीपिवळी जीप चालवणारा माणूस तो. दुपारी सवाऱ्या नसायच्या, तेवढ्या वेळात बाजारातली कामं उरकायची हा रोजचा शिरस्ता. काच बदलणारा स्वानंद त्याचा शाळेतला दोस्त. त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, पडद्याआड, नवीनच यंत्र आलं होतं.

"बस तर खरं," स्वानंद म्हणाला.

एक सीट, एक स्टेअरिंग, तीन पेडल आणि समोर मांडलेले तीन मोठे स्क्रीन. गाडी चालवायचा सिम्युलेटर. वर टप नाही, मागे सीट नाही, नुसती एकट्याची खुर्ची. पण वळणावर स्टेअरिंग असा झटका द्यायचं की मनगटातून कळ निघावी. गंमत म्हणजे यंत्राच्या मालकालाच खरी गाडी येत नव्हती. स्वानंद एकदा शिकायला म्हणून बसला आणि थेट गटारात उतरला. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता.

त्या यंत्रात शर्यतीचा एक रस्ता होता. परदेशातल्या कुठल्याशा जंगलातला, गोल फिरून परत तिथेच येणारा, वीस किलोमीटरचा, सत्तरच्या वर वळणं. खेळणारी पोरं त्याला 'लांबडं' म्हणत. तांड्यावर अंधार पडल्यावर सापाचं नाव न घेता लांबडं म्हणतात, तसंच. एक वळण दुसऱ्यासारखं दिसायचं आणि निघायचं भलतंच. झाडं सगळी सारखी, चढ सारखे. जरा चुकलं की गाडी कठड्यावर जाऊन आपटायची आणि स्क्रीनवर काचा उडायच्या.

देशभरातून सगळ्यात कमी वेळात हा रस्ता कापणाऱ्या दहा जणांना स्पर्धावाले कोईमतूरला बोलावणार होते, खऱ्या शर्यतीच्या गाडीत बसवायला. तिथे टिकला तर कायमची नोकरी. दिपकने घरी हे सांगितलं तेव्हा त्याच्या बायकोचे, निताचे, डोळे भरून आले.

"जा तुमी," ती म्हणाली. "ह्या रस्त्यानं मोठे भाऊजी खाल्ले. तुमाला खायच्या आधी सुटा इथून."

मोठे भाऊजी म्हणजे प्रेमदास, दिपकचा थोरला भाऊ. जीप त्याचीच होती. दिपक तेव्हा किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून मागच्या पायरीवर लटकायचा, थांब्याचं नाव ओरडून सवाऱ्या गोळा करायचा. टपावर एक थाप मारली की थांब, दोन मारल्या की चल. प्रेमदासचा एकच कायदा होता. थाप पडली की थांबायचं. सवारी राजा असो नाही तर भिकारी. त्या प्रेमदासला समोरून आलेल्या हळदीच्या ट्रकने पुलाच्या वळणावर असं चेपलं की स्टेअरिंगचा दांडा छातीतून आरपार गेला. गॅस कटरने पत्रा कापून त्याला बाहेर काढेपर्यंत सांडलेली हळद रक्ताने भिजून काळी पडली होती.

त्या रस्त्यावर असं प्रत्येक वळणाला कोणी ना कोणी गेलेलं. सेवा टपावरून फेकला गेला आणि मागच्या टेम्पोचं चाक त्याच्या डोक्यावरून गेलं. हिरासिंग पेटलेल्या जीपमध्ये दार अडकून जळाला. त्याचे हात काचेला चिकटले होते. मोतीबाई खिडकीतून तोंड बाहेर काढून थुंकायला गेली आणि चिंचेच्या खोडाने तिचं डोकं नेलं. असे सात जण. ड्रायव्हर लोक वळणं त्यांच्याच नावाने ओळखायचे. सवारीही सहज सांगायची, "सेवाच्या वळणाला उतरव रे."

लांबडं काही केल्या पाठ होईना, तेव्हा स्वानंद म्हणाला, "वळणांना नावं दे बाबा. नावाशिवाय लक्षात राहत नाही."

दिपकला दुसरी नावं कुठून सुचणार? त्याने घरचाच रस्ता त्या परदेशी रस्त्याच्या नडणाऱ्या सात वळणांवर अंथरला. आंधळा उतार म्हणजे सेवा. चढावरचं दुहेरी वळण म्हणजे हिरासिंग. झाडाला खेटून जाणारं मोतीबाई. सगळ्यात अवघड, दरीकाठचं, प्रेमदास. आणि शेवटचं वळण सोपं होतं, त्याच्यापुढे सरळ रस्ता आणि मग शर्यत संपल्याची रेघ. तिथे कोणी मेलेलं त्याला लावायचं नव्हतं. त्याचं नाव त्याने लाडाने ठेवलं, निता.

किन्नरगिरीची सवय जाते थोडीच. नावाचं प्रत्येक वळण आलं की तो मोठ्याने ओरडायचा, "सेवा! सेवाऽऽ! चला हिरासिंग, हिरासिंग!" स्वानंद पोट धरून हसायचा. हसू नये तर काय? रिकामी खुर्ची आणि हा सवाऱ्या बोलावून राहिला.

आठवडाभरात रस्ता पाठ झाला. वेळही कमी होत गेला. पण गाडी बदलली. एकट्या माणसाची, कागदासारखी हलकी गाडी ती. ब्रेक मारल्यावर जागच्या जागी थांबायला हवी. ती पुढे रेटायला लागली. चढावर धापा टाकायला लागली. दिपकच्या ढुंगणाला ती चाल चांगली ठाऊक होती. ही भरलेल्या जीपची चाल. मागच्या स्प्रिंगची पाटी दबलेली, सवाऱ्या मांडीला मांडी लावून बसलेल्या.

आणि वळणावर त्या सगळ्या एकदम आत झुकायच्या. झुकल्या की गाडी रस्ता सोडायची नाही. म्हणून तर वेळ कमी होत होता! प्रेमदासच्या वळणाला त्याला मानेजवळ हळदीचा वास आला आणि कानाशी कोणीतरी ओल्या आवाजात म्हणालं, "आत्ता दाब…"

त्याने दाबला. आजवर कधी निघालं नव्हतं इतकं ते वळण साफ निघालं. घाबरून उठून जावं असं त्याला वाटलं, पण नितासाठी तो बसून राहिला. मेलेली माणसं मदत करत असतील तर करू देत की, असं म्हणत त्याने मनाची समजूत घातली.

सेनगावच्या स्टँडवर मात्र भलतंच होऊन राहिलं होतं. रोजची सवारी रुख्मिणीबाई जीपशी आली, आत डोकावली आणि मागे सरली.

"भरली का रे? बरं. मागची गाडी घेते."

जीप सगळी रिकामी होती.

"कुठं भरली मावशी? बसा की."

"न्हाई बाबा," ती पदर नाकाला लावत म्हणाली. "लई दाटी हाय. अन् वास काहून येऊन राहिला असा?"

स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी दिपक दुपारीच येऊन बसला. दहाव्या नंबरापासून तो दोन सेकंद मागे होता. स्वानंदने पडदा ओढला, पंखा बंद केला. दिपकने गाडी सोडली. सगळी नावं घेतली. गाडी एकेका नावाला खाली बसत गेली. इतक्या वेगात तो आजवर कधी गेला नव्हता. "निता!" म्हणून ओरडत शेवटचं वळण घेतलं, पण वेळ थोडक्यात हुकला. तो थांबला नाही, तसाच दुसऱ्या फेरीला शिरला.

सेवाच्या वळणाला डोक्यावर थाप पडली.

एकच. पत्र्यावर तळहात मारल्यासारखी. जिथे टपच नव्हता तिथे.

"स्वानंद… तू मारलीस?"

"काय?" स्वानंदचा आवाज दाराकडून आला.

दिपकला कळलं. ह्यांना उतरायचं होतं. सवारी बसवली तर उतरवायलाही लागते आणि ह्या गोल रस्त्याला शेवटचा थांबाच नव्हता. पण थांबला असता तर वेळ गेला असता आणि त्याबरोबर कोईमतूरही. त्याने पाय उचलला नाही. हिरासिंगच्या वळणाला थाप पडली, मोतीबाईच्या वळणाला पडली. मग थापा थांबेनात. एकावर एक, मुठींनी, कोपरांनी.

"थांब की रे…" प्रेमदासचा आवाज. "दिप्या, थाप पडली ना…"

"एवढी फेरी, दादा! एवढीच!"

तेव्हा मागून हात आले. जळक्या कातडीचे, डिझेलच्या वासाचे. एकाने केस धरून त्याचं तोंड स्टेअरिंगवर आपटलं. दात तुटून जिभेवर आला. पुन्हा आपटलं. डोळ्यांत रक्त उतरलं, तरी तो पाठ झालेला रस्ता आंधळ्यासारखा चालवत राहिला. दरीकाठच्या वळणावर स्टेअरिंग आपोआप उलटं गरकन फिरलं आणि स्टेअरिंगच्या आरीत अडकलेला त्याचा डावा हात मनगटात काडकन मोडला. हाडाचं टोक कातडीतून बाहेर आलं. तो गुरासारखा ओरडला आणि उजव्या हाताने गाडी रेघेपार नेली.

स्क्रीनवर त्याचं नाव हिरवं झालं. दहावा.

स्वानंद पांढराफटक पडला होता. त्याने पाहिलं होतं ते इतकंच की दिपक स्वतःच स्वतःचं तोंड आपटून घेतोय. त्याने दवाखान्यात नेऊन हात बांधून घेतला. डॉक्टर ठेवून घेत होते, पण दिपक ऐकेना. त्याला निताला सांगायचं होतं, आणि मागे बसलेल्यांना उतरवायचंही होतं. स्वानंदला गाडी येत नव्हती. तो नुसता "उद्या जा रे" म्हणत राहिला.

सूर्य कलता कलता दिपक निघाला. बांधलेल्या डाव्या हाताने गिअर टाकताना प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे काजवे चमकत. जीप बैलासारखी कण्हत होती. मोतीबाईच्या चिंचेपाशी टपावर एक थाप पडली. तो लगेच थांबला. मागचं दार किरकिरलं आणि पाटी जराशी वर आली. हिरासिंगच्या वळणाला थांबला. सेवाच्या वळणाला थांबला. एकेक उतरत गेला, जीप हलकी होत गेली आणि दिपकला रडू फुटलं. पुलाच्या वळणाला सातवी थाप पडली. हळदीचा वास खिडकीजवळून गेला.

"नीट जा…" एवढंच ऐकू आलं.

सुटलो, असं त्याला वाटलं. तांड्यावर दिवेलागण झाली होती. चुलीच्या धुराचा, भाकरीचा वास आला. त्याने अंगणात गोठ्याकडे पाठ करून जीप उभी केली. इंजिन चालूच होतं.

टपावर एक थाप पडली.

तो मोजायला लागला. सात मेलेले. सातही आपापल्या जागी उतरले, जिथे मेले तिथे. मग आठवं नाव कोणाचं घेतलं होतं आपण?

निता दारात आली. पिवळं लुगडं, पिठाचे हात. त्याचं तोंड बघून ती किंचाळणारच होती, पण तिची नजर मागच्या सीटवर गेली.

"कोण बाई आणली तुमी?" म्हणत ती जीपच्या मागे गेली. मागच्या काचेला तिने कपाळ टेकवलं. "आवो… हिनं माझंच लुगडं नेसलंय. हिचं तोंड… तोंड असं चेपलं काहून?"

टपावर पुन्हा एक थाप पडली. उतरायचंय.

न्हाई! इथं उतरवायचं न्हाई! हिला इथून लांब न्यायचं, पार पुढे, जिथे निता नसेल तिथे. एवढंच दिपकला सुचलं. "बाजूला हो निता!" तो ओरडला, पण तुटक्या दातांतून शब्द निघालाच नाही. मोडक्या हाताने त्याने पहिला गिअर रेटला. कळ मस्तकात गेली, हात घसरला. दांडा खटकन कुठेतरी बसला आणि त्याने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला.

जीप मागे गेली.

गोठ्याच्या दगडी भिंतीवर ती धाडकन आदळली. मधे काहीतरी मऊ होतं आणि मग ते मऊ राहिलं नाही. इंजिन बंद पडलं. मागच्या काचेवरून पिवळं लुगडं सावकाश खाली सरकत गेलं.

मागचं दार किरकिरलं. पाटी वर आली. जीप पार रिकामी, हलकी झाली.

दिपक स्टेअरिंग धरून बसून राहिला. शेजारपाजारची माणसं ओरडत येऊन राहिली होती, कंदील हलत होते. त्याला त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्याला ऐकू आल्या त्या डोक्यावरच्या थापा.

ह्या वेळी दोन. पिठाच्या हाताने माराव्यात तशा, हलक्या.

चल.