अप्पांच्या चुका

शर्वरी बिडवेने मातीची नळी तापपेटीत ठेवली, हातमोजे काढले आणि फोन उघडला. मंगळावरच्या अरुणतळावर माणसं चारच, त्यांतली दोघं कायम दूरच्या खाणीवर. दुपारचा चहा आणि वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, चित्रध्वनी-संदेश, एवढीच काय ती तिची सोबत.

पडद्यावर अप्पा वेताच्या खुर्चीत बसले होते. पांढरा सदरा, मागे भिंतीवर शाळेतून आणलेला नकाशा.

"शरू, मी ठणठणीत आहे. कमलताईंचा डबा वेळेवर येतो. तुझ्या मंगळाचे दोन्ही चंद्र बघत जा, आणि हातातलं काम पुरं करूनच ये. माझी काळजी करू नकोस."

संदेश संपला. शेजारच्या पडद्यावर इथल्या मुक्कामाच्या मुदतवाढीचा प्रश्न उत्तराची वाट पाहत होता. परतीचं यान शुक्रवारी सुटणार होतं, आणि ते गेलं की पुढचं दोन वर्षांनी. घरी अप्पा एकटे, हीच काय ती अडचण होती, आणि ती अप्पांनीच दूर केली होती. तिचं बोट 'होय'पाशी गेलं आणि थबकलं.

दोन्ही चंद्र?

अप्पा उमरग्याला शाळेत विज्ञान शिकवायचे. प्रत्येक तासाला एक तरी गोष्ट मुद्दाम चुकीची सांगायची आणि साळसूद चेहऱ्याने फळ्याकडे वळायचं, ही त्यांची खोड. "मंगळाला चंद्र एकच!" असं ते ठासून सांगत. जो "सर, चूक!" म्हणून ओरडेल त्याच्या हातावर चिक्कीचा तुकडा. "अरे, तुम्ही जागे आहात हे मला दुसरं कसं कळणार?" असं म्हणत. शर्वरी शिकायला बाहेर पडली, तेव्हा फोनवरच्या संदेशांतही तोच खेळ चालू राहिला. तिने चूक पकडली की पलीकडून समाधानाचं "हं!" यायचं.

तिने जुने संदेश एकेक करून पुन्हा ऐकले. इथे आल्यापासूनच्या एकाही संदेशात चूक नव्हती. म्हातारपणी खेळ सुटला असेल, असं तिने कधीतरी मनाशी म्हटलं होतं आणि ती कामाला लागली होती.

ती उठून संपर्ककक्षात गेली. तळाचा संपर्क सांभाळणारा नासिर मुजावर तिथे पाय पसरून सुपारी कातरत बसला होता.

"या, मातीवाल्या बाई. आज इकडे कुठे वाट चुकलात?"

"नासिर, अप्पांचा संदेश माझ्या फोनवर येतो म्हणजे नक्की काय येतं?"

"खरं सांगू? फारसं काही येत नाही." तो नीट बसला. "बघ, चित्रध्वनी-संदेश एका फोनवरून थेट दुसऱ्या फोनवर कधीच जात नाही. पहिल्यापासून मध्ये एक साठाकेंद्र असतं. संदेश तिथे थांबतो, केंद्र तुझ्या फोनला सांगतं, 'बाई, तुमचं काही आलंय', आणि फोनने मागितलं की देतं. देताना तुझ्या फोनला झेपेल असं करून देतं. मोठं चित्र लहान करतं, जड आवाज हलका करतं."

"आणि मंगळासाठी?"

"इथवरची वाट फार अरुंद. म्हणून केंद्राकडे आणि तुझ्या फोनकडे एकसारखंच अनुमानयंत्र ठेवलंय. ते अप्पांचे जुने संदेश ऐकून शिकलंय. आज ते काय बोलतील, कसे दिसतील, याचा दोघंही आधी अंदाज करतात. मग केंद्र फक्त फरक पाठवतं. तू रोज वरणभात खात असलीस, तर आज वरणभात झाला हे कशाला कळवायचं? श्रीखंड असेल तर कळव. बाकीचं ताट तुझा फोनच मांडतो."

"आणि अप्पा काही चुकीचं बोलले तर?"

नासिरचा अडकित्ता थांबला. "चुकीचं म्हणजे?"

"मंगळाला चंद्र एकच, असं. मुद्दाम, मी पकडावं म्हणून. मी दुरुस्त केलं की 'हं' म्हणायचे."

"पण त्यांच्या जुन्या संदेशांत तर..." तो विचारात पडला. "तू प्रत्येक चूक दुरुस्त करायचीस आणि ते 'हं' म्हणायचे. म्हणजे यंत्र शिकलं, की हा माणूस शेवटी बरोबर तेच मानतो. त्यात त्यांचा फोन जुना, आवाज खरखरतो. न बसणारं वाक्य आलं, की केंद्राला वाटतं फोनने घोळ घातला. ते आपल्या अंदाजाप्रमाणे दुरुस्त करतं. घोळ फोनचा की माणसाचा, त्याला कसं कळणार?"

"मूळ संदेश मिळतील?"

"तुझ्या फोनने ते कधी मागितलेच नाहीत, म्हणजे केंद्रात पडून असणार. पण नुसता आवाज आणला तरी तुझा महिन्याचा वाटा संपेल."

"संपू दे."

पृथ्वीवरून उत्तर यायला वेळ लागला. तोवर नासिरने चहा केला आणि तो तसाच निवला.

पहिल्याच संदेशात अप्पांचा खोडकर आवाज होता. "शरू, तू पोचलीस का? मंगळाला म्हणे चंद्र एकच!" मग लांबलचक शांतता. ते थांबले होते.

पुढचा संदेश. "काल चूक पकडली नाहीस. दमली असशील." त्यापुढचा: "शरू, ऐकतेस ना गं?"

किती तरी दिवस ते असे चुका पेरत होते आणि वाट पाहत होते. मग चुका बदलत गेल्या. पेरलेल्या वाटेनाशा झाल्या. "आज शाळेत तपासणी आहे, लवकर निघतो." शाळा सोडून त्यांना कैक वर्षं झाली होती. "तुझी आई बाजारात गेलीय." आई जाऊनही तितकीच. आजच्या संदेशात ठणठणीत नव्हतं, डबा नव्हता. एक घाबरा आवाज फक्त विचारत होता, "हे घर कुणाचं आहे? मला कुणी घरी सोडेल का?"

शर्वरीने दोन्ही हातांनी मेजाची कड धरली.

"माझा निरोप जसाच्या तसा जाऊ दे," ती म्हणाली. "एका शब्दाचीही दुरुस्ती नको. त्यांचं उत्तरही तसंच हवंय."

त्याने बटणं फिरवली. तिने घसा साफ केला, आणि जमेल तितक्या साळसूद आवाजात म्हणाली, "अप्पा, मी शरू. मंगळाला तीन चंद्र आहेत."

मग ती खिडकीजवळ जाऊन उभी राहिली. बाहेर तांबूस धूळ आणि तिच्याच गाडीच्या चाकोऱ्या. बऱ्याच वेळाने फोन वाजला, तेव्हा तिला तो उचलायची भीती वाटली.

"चूक!" अप्पांचा आवाज कक्षात दणदणला. "तीन नाही, दोन. दोनच." आणि मग, कितीतरी दिवसांनी, ते समाधानाचं "हं!"

ती हसली. डोळे पुसणार, तोच पुढचं ऐकू आलं.

"पण गुणाची दिसतेस. कुठल्या वर्गातली गं तू, बाळ? उद्या शाळेत ये. तुझी चिक्की राहिली माझ्याकडे."

शर्वरी प्रयोगशाळेत परतली. पडद्यावरचा प्रश्न अजून तसाच उघडा होता. तिने 'नाही' दाबलं, आणि शुक्रवारच्या यानात आपलं नाव घातलं.