शमिकाची आई

श्रावणातला बुधवार होता आणि त्या दिवशी नेत्राचा खिचडीचा वार होता. खिचडीचा वार म्हणजे काय, ते आधी सांगतो. मंडणगडच्या आत, एस्टी जिथून वळून परत फिरते त्याच्याही पुढे अर्धा तास चाललं की वरच्या वाडीची शाळा लागते. पोरं अकरा, शिकवायला एकट्या मृणालीबाई. दुपारची खिचडी विमलाकाकी शिजवतात, आणि ती पोरांच्या ताटात पडायच्या आधी कुठल्यातरी पोराच्या आईने चाखून वहीत सही करायची, असा नियम. मग आयांनी आपसांत वार वाटून घेतलेले. बुधवार रिकामा होता, तो नेत्राने हात वर करून मागून घेतला.

खोटं कशाला बोलू, खिचडीचं तिला काही पडलं नव्हतं. तिला पोरीच्या आसपास राहायचं होतं. शमिका दीड वर्षाची असताना तिला सासूबाईंच्या हवाली करून नेत्रा आणि विनीत नालासोपाऱ्याला परत गेले होते. दोघंही नोकरीला, खोलीत पोरीकडे बघायला कोणी नाही, करणार काय? गणपतीत आठ दिवस यायचे, शिमग्याला चार. तेवढ्यात पोरगी ओळख धरायची आणि ते परत निघायचे. यंदा सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा नेत्रा नोकरी सोडून जूनमध्ये कायमची गावी आली. पोर तोवर सात वर्षांची झाली होती, दुसरीत गेली होती.

पोरगी वाईट नव्हती हो. वाढलं ते खायची, सांगितलं ते ऐकायची. पण आई म्हणायची नाही. अगं नाही, ए नाही, काहीच नाही. पाणी हवं असलं की समोर येऊन नुसती उभी राहायची. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायची. अडीच महिने नेत्रा त्या एका शब्दासाठी जीव टाकत होती, आणि तो शब्द काही येत नव्हता.

आणि वाडीसुद्धा कमी नाही. आमच्याकडे बाईला नावाने कोण हाक मारतं? पोर झालं की ती अमक्याची आई. सुजयची आई, मनस्वीची आई. पण नेत्राला सगळे म्हणायचे विनीतची बायको. पाठीमागे नुसतंच मुंबईवाली. ऐकून ती हसायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

तर त्या बुधवारी ती साडेअकरालाच शाळेत पोचली. पाऊस नुसता कोसळत होता. पत्र्यावर असा ताशा वाजत होता की वर्गातले पाढे पडवीत ऐकू येत नव्हते. डोंगरावरून धुकं उतरून पार अंगणातल्या झेंड्याच्या खांबापर्यंत आलेलं. नेत्राने छत्री मिटून कोपऱ्यात टेकवली आणि वळून बघते तर पडवीच्या टोकाला, जांभ्याच्या पायरीवर, एक बाई बसलेली.

साधीच बाई. पस्तिशीची असेल. विटक्या हिरव्या रंगाचं लुगडं, गुडघ्यापर्यंत चिंब. पण खांद्याला, केसांना पावसाचा थेंब नाही. छत्री नाही, इरलं नाही. जवळ गेल्यावर भिजून कुजलेल्या पेंढ्यासारखा वास आला. नेत्राला वाटलं, कुठल्यातरी पोराची आई असेल, गोठ्यातून तशीच उठून आलेली.

"बसा ना," बाई म्हणाली आणि सरकली.

"पोरं सुटायला वेळ आहे अजून," नेत्रा काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

"मी रोजच येतंय. बसतंय इथं."

"हो का? कुठली तुमची?"

"शमिका," बाई म्हणाली. "मी शमिकाची आई."

नेत्राला आधी वाटलं, दुसरी एखादी शमिका असेल. पण अकरा पोरांत दोन शमिका कुठून येणार? तिने तोंड उघडलं होतं, पण बाई पुढे बोलतच राहिली. हळू, गोड आवाजात, आपल्या लेकराचं कौतुक सांगावं तसं. शेवग्याची शेंग चोखून झाली की तिचा चोथा पानाच्या डाव्या बाजूला लावते. तिसऱ्या वर्षी पाटावर पडली, त्याची खूण भुवईत आहे. आणि निजताना कानाची पाळी हातात लागते तिला, त्याशिवाय डोळा लागत नाही.

भुवईतली खूण नेत्राने पाहिली होती. ती कशाने झाली, ते तिला आज कळलं. कानाच्या पाळीचं तर ठाऊकच नव्हतं.

बाईने डोकं जरा वळवलं. तिच्या डाव्या कानाची पाळी ओघळून पार जबड्याच्या खाली आली होती, रोज कोणी धरून ओढावी तशी.

तेव्हाच नेत्राने सरळ म्हणायला हवं होतं, की बाई, कोण तुम्ही, शमिका माझी मुलगी. पण ती लाजली! तिला वाटलं, आपण नसताना शेजारच्या कुणीतरी पोरीला सांभाळलं असेल, जीव लावला असेल, आणि पोर हिलाच आई म्हणत असेल. मग कुठल्या तोंडाने भांडायचं? ज्या बाईने पाच वर्षं पोरीला उशाशी घेतलं तिच्यापुढे आपण कोण? नेत्राच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती पावसाकडे बघत बसली.

इतक्यात आतून मृणालीबाईंनी हाक मारली, "शमिकाची आई! या हो, खिचडी तयार आहे, चव बघा!"

अडीच महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी तिला त्या नावाने हाक मारली होती. नेत्रा उठली. आणि तीही उठली.

दोघी समोरासमोर उभ्या. काय अवघड झालं असेल, तुम्हीच बघा. बाई नुसती बघत राहिली. आणि नेत्राच्या तोंडून, पंगतीत आग्रह करावा तसं, निघून गेलं, "तुम्ही... तुम्ही जा ना."

"जाऊ?" बाईने विचारलं.

"हो... जा."

बाई आत गेली. नेत्रा मटकन खाली बसली. गालावरचं पाणी पुसलं, स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि चार-पाच मिनिटांनी उठून स्वयंपाकाच्या खोलीत गेली. विमलाकाकी डाव घेऊन वाढायला निघाल्या होत्या.

"आता काय पुन्हा?" काकी हसून म्हणाल्या. "चव तर घेतलीत की. मीठ बरोबर हाय म्हणालात."

"मी?"

"मग कोण? भूक लागली असेल तर तसं सांगा वैनी, लाजता काय!"

वही उघडीच होती. बुधवारच्या रकान्यात सही झाली होती, नेत्राच्याच वळणाची. शाई पाण्याने पसरली होती. मृणालीबाई पोरांना रांगेत बसवत होत्या, त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. वाढून झाल्यावर नेत्राने दारातून वर्गात पाहिलं. पोरं भिंतीला टेकून जेवत होती. शमिका तेवढी भिंतीपासून सुटी, एका अंगाला रेललेली. आईच्या कुशीला रेलावं तशी. तिच्या पलीकडे काहीच नव्हतं, रिकामी सतरंजी. कुणी इतकं तिरकं बसलं तर पडेल. ती पडत नव्हती. मान वर करून तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि चावत चावत हसली.

नेत्रा छत्री तिथेच टाकून घरी धावत सुटली.

सासूबाई, सावित्री त्यांचं नाव, ओटीवर तांदूळ निवडत होत्या. नीट दिसत नसल्याने बोटांनीच खडे शोधत होत्या. नेत्राने धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"आत्या, कोण आहे ती?"

"मला ठाऊक न्हाय गो," सासूबाई म्हणाल्या. "पण बोलावली मीच."

"म्हणजे?"

"तुम्ही गेलात तेव्हा पोर दिवसभर बरी ऱ्हायची. तिन्हीसांज झाली की भोकांड पसरायची. आई, आई... मला बघवायचं न्हाय. मग मी मागच्या दारी उभी राहून डोंगराकडं तोंड करून हाक मारायची. 'शमिकाची आई, ये गो! पोर रडतंय, लवकर ये!' खेळ म्हणून गो. पोर गप होऊन ऐकत ऱ्हायची. चार म्हयने मारली हाक. नि एक दिवस..."

"एक दिवस काय?"

"वरनं ओ आली."

पाऊस जरा ओसरला होता, पागोळ्या तेवढ्या टपटपत होत्या.

"मी दार लावून घेतलं. पण त्या दिवसापासून पोर रडली न्हाय. मला बरंच वाटलं, आता लपवून काय करू? तुला फोनवर काय सांगायचं होतं?" सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "नाव घेऊन बोलावलं असतं तर तुलाच लागली असती हाक. पण सुनेला नावानं हाक मारायची चाल न्हाय आमच्यात. मी नुसतं शमिकाची आई म्हटलं. जिला ते चालण्यासारखं होतं, ती आली."

नेत्राला राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. म्हातारीवर? मग पोर टाकून गेलं कोण?

"आता काय करायचं, आत्या? मला माझी मुलगी हवी."

"हाकेनं आली, हाकेनंच सोडवायची," सासूबाई म्हणाल्या. "शाळा सुटली की पोरीला घेऊन ये. मी दारात उभी ऱ्हातंय. तुला तुझ्या नावानं हाक मारीन, मोठ्यानं, डोंगराला ऐकू जाईल अशी. तू लगेच ओ द्यायचीस नि पोरीला घेऊन घरात यायचं. मग दाराला आडणा घालीन. बाहेर कोण काय बोलेल ते ऐकायचं न्हाय. घरात आली ती आई, बाहेर ऱ्हायली ती न्हाय."

पाचला शाळा सुटली. आभाळ इतकं भरून आलेलं की दिवस असून नसल्यासारखा होता. शमिका दप्तर घेऊन शांतपणे बाहेर आली. नेत्रा तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

"दुपारी तुला कोण भरवत होतं गं?"

"आई."

"मग मी कोण?"

पोरीने तिच्याकडे नीट पाहिलं, आठवून आठवून. "तू मुंबईची," ती म्हणाली.

नेत्राने ओठ चावला, पण हात सोडला नाही. घट्ट धरून चालू लागली. पायवाट अरुंद, दोन्ही बाजूंना भात पोटरीत आलेलं. पोरीचा एक हात नेत्राच्या हातात. दुसरा... दुसराही जरासा वर उचललेला, बोटं मिटलेली. पलीकडच्या शेतात भाताची पाती वाकत होती आणि पुन्हा उभी राहत होती, या दोघींच्याच चालीने. नेत्राने तिकडे मान वळवली नाही. पेंढ्याचा वास मात्र येत होता.

घरापाशी पऱ्या आहे, त्यावर दोन माडांचा साकव. पऱ्या दुथडी भरून वाहत होता. साकवावरून एका वेळी एकच माणूस जातं. नेत्राने पोरीला पुढे घातलं, आणि तिचा हात सोडावाच लागला. शमिका सराईतासारखी टकटक पलीकडे गेली. नेत्रा जपून पावलं टाकत मधोमध पोचली, आणि दारातून सासूबाईंची हाक आली.

"नेत्रा! ए नेत्रा!"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. या वाडीत तिचं नाव आजवर कोणी घेतलं नव्हतं. म्हातारीने ते किती जीव एकवटून, किती मायेने घेतलं होतं! आणि नेत्राचा गळाच दाटून आला हो. ओ द्यायला तिने तोंड उघडलं, पण आवंढा आड आला. एक क्षण. एकच.

"ओ! आले, आत्या!"

अंगणातून आवाज आला. नेत्राचाच आवाज.

शमिका धावली. सासूबाईंनी आपल्या अधू डोळ्यांनी समोर पाहिलं आणि दोन्ही हात पसरले. "ये गो, लवकर ये, पोरीला घेऊन ये." दार लागलं. आतून आडणा सरकल्याचा आवाज नेत्राने साकवावर उभ्या उभ्या ऐकला.

ती कशी पलीकडे आली, तिचं तिला ठाऊक नाही. दारावर तिने मुठी आपटल्या. "आत्या, मी आहे! मी नेत्रा! दार उघडा... आत्या, पाया पडते तुमच्या!"

"कोणी ओ देऊ नका," आतून सासूबाईंचा थरथरता आवाज आला. "बाय, तू आईपाशी बस. बाहेर ती हाय."

नेत्रा उंबऱ्याला कपाळ टेकून ऐकत राहिली. मग आत फोन वाजला. तिचाच, सकाळी फडताळावर राहिलेला. ती विनीतची कामावरून सुटायची वेळ. कोणीतरी फोन उचलला.

"हां, बोला... नाही हो, सगळे बरे आहोत. आत्या पण बऱ्या आहेत." आतून तिचा आवाज हळूच हसला, आणि मग आनंदाने भरून आला. "अहो, ऐका ना... आज शमिका मला आई म्हणाली."