पान दोनशे चारच्या पुढे

वाचनालयाच्या दारावर सेवांची भलीमोठी यादी लावलेली होती. सोमवारी मुलांना गोष्टी, मंगळवारी कुणालाही फॉर्म भरून देणे, बुधवारी आजारी सभासदांना घरपोच पुस्तकं, आणि रोज अकरा ते पाच, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ऐकायची पुस्तकं. यादी लांबलचक आणि माणसं मोजून दोन. एक ग्रंथपाल बाई, दुसरे शिपाईमामा. मामांचे गुडघे कधीच कामातून गेले होते, तेव्हा घरपोच सेवा म्हणजे बाईंचीच पायपीट. गोष्टी त्याच सांगायच्या, फॉर्म त्याच भरायच्या, आणि वर समितीने विचारायचं की सभासद का वाढत नाहीत.

ऐकायची पुस्तकं ही मात्र बाईंच्या आईची कमाई. आई निवृत्त शिक्षिका. आवाज असा की रस्त्यावरून जाणारा माणूस खिडकीशी थबकावा. मागची जुन्या वर्तमानपत्रांची खोली रिकामी करून, भिंतींना गाद्या ठोकून तिथे ध्वनिमुद्रणाची खोली केली होती. मध्ये काच. काचेच्या पलीकडे आई पुस्तक घेऊन, अलीकडे मुलगी कानाला हेडफोन लावून. लाल दिवा लागला की कुणी चकार शब्द काढायचा नाही. मामा एकदा शिंकले होते, तर आईने आख्खं प्रकरण पहिल्यापासून वाचलं आणि दोन दिवस मामांशी अबोला धरला.

पुस्तक संपलं की वाचणाऱ्याने शेवटी स्वतःचे दोन शब्द बोलायचे, अशी तिथली पद्धत. पुस्तक इथे संपलं, वाचलं कुणी, आभार कुणाकुणाचे. आईने चौदा वर्षांत चाळीस पुस्तकं वाचली आणि चाळीस वेळा आभार मानले. समितीचे मानले, मामांचे मानले. पंखा दुरुस्त करणाऱ्या इलेक्ट्रिशियनचेसुद्धा मानले. काचेच्या अलीकडे चौदा वर्षं पाठीचा कणा मोडून बसलेल्या मुलीचं नाव एकदाही घेतलं नाही. मुलीने एकदाच, हसत हसत, विचारून पाहिलं होतं.

"घरच्या माणसाचे कसले आभार?" आई म्हणाली. "आभार परक्यांचे मानायचे असतात. चल, दिवा लाव."

मुलगी पन्नाशीला आली होती. लग्न केलं नाही, बदली घेतली नाही, आईला सोडून कुठे गेली नाही. तरी ते वाक्य ती विसरली नाही.

एक्केचाळिसावं पुस्तक म्हणजे दीपगृहाच्या रखवालदाराची एक जाडजूड कादंबरी, तीनशे बारा पानांची. दोनशे चारव्या पानावर रखवालदाराची बायको वादळात दाराशी जाते. "तिने कडी काढली आणि दार उघडून पाहिलं तर" एवढं वाचून आई थांबली. मुलीच्या कानात पाण्याचा ग्लास पडल्याचा आवाज आला. तिला वाटलं, आई चिडली असेल, ओळ चुकली असेल. लाल दिवा चालू होता. ती मान खाली घालून, यंत्राच्या आकड्यांकडे बघत, गप्प बसून राहिली. दोन मिनिटं आणि दहा सेकंद. मग तिने वर पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, थोडं आधी आणलं असतं तर... 

त्याला दोन वर्षं झाली. आईची वाचा गेली, उजवं अंग गेलं. राहिलं ते एवढंच, की डाव्या हाताने कप धरायची, विचारलं तर "हूं" म्हणायची, आणि डोळे पहिल्यासारखेच धारदार. दिवसभर तिला सांभाळायला एक मावशी येत. अर्धवट राहिलेल्या ध्वनिमुद्रणाचं काय करायचं, यावर समितीने दोन बैठका घालवल्या आणि ठरवलं की आहे तसं द्यावं. बाईंनी ती दोन मिनिटं दहा सेकंद कापून टाकली, सीडी केली आणि वर "अपूर्ण" अशी चिठ्ठी चिकटवली.

ती नेणारा माणूस एकच. जन्मभर घड्याळं दुरुस्त करून शेवटी नजर गमावलेले एक गृहस्थ. त्यांना सगळे घड्याळकाका म्हणत. आईच्या आवाजावर त्यांचा फार जीव.

एका गुरुवारी त्यांनी सीडी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "दारात भाऊ होता तर! मला वाटलंच होतं. बरं झालं बाई, पुढचं घातलंत."

"कुठलं पुढचं, काका?"

"अहो, दार उघडलं त्याच्या पुढचं. भाऊ येतो, भिजलेला असतो. मग ती कंदील आणते आणि तिथे परत तुटतं. थोडं जास्त टाकायला काय झालं होतं तुम्हाला?"

बाईंना वाटलं, म्हाताऱ्याने दुसरीच कुठली सीडी ऐकली. दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी ती यंत्रात घातली. "आणि दार उघडून पाहिलं तर," आई म्हणाली, आणि श्वासही न घेता पुढे वाचत गेली. भाऊ. भिजलेला सदरा. कंदील. बाईंनी कपाटातून पुस्तक काढून ओळीवर बोट ठेवलं. शब्द न् शब्द बरोबर. आवाज तुटला तो थेट दोनशे बत्तीसाव्या पानावर. आवाज आजारपणातला नव्हता. तो खणखणीत होता, "ळ" वर जोर देणारा, पान उलटताना हलकेच नाकाने श्वास घेणारा.

सीडी एकदा लिहिली की लिहिली, तिच्यावर कुणी भर घालू शकत नाही, हे बाईंना चांगलं माहीत होतं. ध्वनिमुद्रणाच्या खोलीची किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती. बरं, थट्टा करायची म्हटली तरी तो आवाज आणणार कुठून?

घरी गेल्या तेव्हा मावशी दारातच उभ्या. "ताई, आजी सकाळपासून हूं करत नाहीत. विचारलं की नुसत्या बघतात."

बाईंनी तेव्हा दोन्ही गोष्टींची सांगड घातली नाही. कोण घालेल? पुढच्या आठवड्यात काका पुन्हा सीडी घेऊन गेले आणि परत आणली तेव्हा ती दोनशे एकसष्टाव्या पानापर्यंत आली होती. त्याच दिवशी आईच्या डाव्या हातातून कप निसटला, तो हात पुन्हा वर झाला नाही. तिसऱ्या खेपेला दोनशे सत्त्याऐंशी. आईला घास गिळता येईना. डॉक्टर म्हणाले, वय आहे, असं पायरीपायरीने उतरायचंच.

बाईंनी मात्र देवघेवीचं रजिस्टर घरी आणलं आणि कॅलेंडरशेजारी ठेवलं. एकेक तारीख जुळवून पाहिली. सीडी बाहेर होती तेवढेच दिवस आई खचत होती. कपाटात होती तेव्हा आई होती तिथेच होती.

सरळ उपाय होता. बाईंनी सीडी टेबलाच्या खणात टाकली आणि कुलूप लावलं.

"खराब झालीय काका. दुरुस्तीला दिलीय."

"सीडी दुरुस्त होते?" घड्याळकाकांनी विचारलं. जन्मभर दुरुस्ती केलेला माणूस, त्याला कोण बनवणार. पण ते भले होते. "असू दे. थांबतो मी. पंचवीस पानं तर राहिलीत."

पंचवीस पानं. आणि त्यानंतर आभाराचे दोन शब्द.

तो विचार पहिल्यांदा आला तेव्हा बाईंनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्यासारखं गालाला हात लावला. शी! आई आहे ती. तीन आठवडे सीडी खणात राहिली. आई थोडी सावरली, पातळ पेज गिळू लागली, एकदा तर डाव्या हाताची बोटं हलली. बाई रजा घालून तिच्याजवळ बसल्या, तिचे केस विंचरले, तिला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. आई छताकडे बघत पडून राही. वाचताना कुठे उच्चार चुकला तरच तेवढी नजर वळे.

मग तो रविवार आला. बाई चमच्याने भरवत होत्या, अर्धा तास होत आला होता. मावशी सुट्टी असूनही विसरलेली पिशवी न्यायला डोकावल्या. "काय आजी, जेवताय ना?" एवढंच म्हणाल्या. आईने मान वळवली. सगळी ताकद लावून वळवली, आणि मावशींकडे बघून हसली. अर्ध्याच तोंडाने, पण हसली. मावशी गेल्या. आईने मान पुन्हा सरळ केली, मुलीकडे पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं.

बाईंनी वाटी मोरीत नेऊन पालथी घातली. नळ सोडून उभ्या राहिल्या. रडू आलं नाही. राग आला. चौदा वर्षं, आणि ही दोन, आणि त्याआधीची सगळी!

मंगळवारी त्यांनी खण उघडला आणि स्वतः फोन करून काकांना बोलावलं.

"झाली का दुरुस्त?" काका म्हणाले. "मशीनला लावून बघितलीत?"

"तुम्हीच बघा." बाईंनी सीडी त्यांच्या हातात दिली आणि त्यांची बोटं तिच्यावर मिटेपर्यंत सोडली नाही. "शेवटपर्यंत ऐका काका. आभारापर्यंत. घाईने बंद करू नका."

आई गुरुवारी दुपारी गेली. फोन आला तेव्हा बाई वार चुकवून आलेल्या एका म्हाताऱ्याचा पेन्शनचा अर्ज खोडून पुन्हा लिहीत होत्या. त्यांनी अर्ज पुरा केला, सही कुठे करायची ते दाखवलं, आणि मग उठल्या.

पंधरा दिवसांनी त्या कामावर आल्या. समितीने शोकसभा घेतली, चार माणसं आली. घड्याळकाका सगळ्यांच्या शेवटी काउंटरपाशी आले. त्यांनी खिशातून सीडी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

"संपलं बाई. काय वाचलंय! आणि शेवटी तुमचा उल्लेख आहे."

"माझा?"

"तुमचाच. मुलगी म्हणूनच म्हणाल्या. तुम्ही स्वतः ऐका, मी सांगण्यात मजा नाही. आवाज इतका जवळून येतो हो, कानाशी बसल्यासारखा."

बाईंनी काउंटर मामांवर सोडला. मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि हेडफोन चढवला. सीडी शेवटच्या पानांपर्यंत पुढे सरकवली. रखवालदार दिवा विझवतो, सकाळ होते, बोट निघून जाते. शेवटचं पान उलटलं.

"पुस्तक इथे संपलं," आई म्हणाली. "वाचनालयाच्या समितीचे आभार. ऐकणाऱ्यांचे आभार. घड्याळवाल्यांचे विशेष आभार, त्यांनी धीर धरला."

बाईंनी डोळे मिटले.

"आणि माझ्या मुलीचे आभार."

पन्नास वर्षांचं ओझं उतरल्यासारखं झालं. बाईंच्या तोंडून हुंदका फुटला. "आई गं," त्या म्हणाल्या.

"मला हे वाचायचं नव्हतं," आई त्याच समजावणीच्या, वर्गातल्या आवाजात पुढे म्हणाली. "मी खूप चिवटपणा केला. पण तिने ते माझ्याकडून पुरं करून घेतलं. माझं काय होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं."

पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

"पुढचं पुस्तक ती वाचेल."

खुर्ची मागे सरकली. पावलं लांब गेली. दुसरी पावलं आली, जवळ, जरा फरफटत. खुर्ची पुढे ओढली गेली.

कुणीतरी घसा साफ केला.

चौदा वर्षं बाईंनी या हेडफोनमधून दुसऱ्यांचे आवाज ऐकले होते. स्वतःचा कधीच नाही. तरी तो ओळखायला त्यांना एक क्षणही लागला नाही. तो आवाज पुस्तकाचं नाव वाचत होता, मग लेखकाचं, मग पान एक.

दारावर टकटक झाली. मामांनी दार किलकिलं करून डोकं आत घातलं.

"मॅडम, चहा सांगू का?"

"नको," बाई म्हणाल्या.

मामा थांबून राहिले. बाईंनी मान वर केली आणि पुन्हा, जरा मोठ्याने, नको म्हणाल्या.

"अहो, हो की नाही ते तरी सांगा," मामा म्हणाले. "नुसतं तोंड काय हलवताय?"