बोर्डाच्या पलीकडचे बूट

"ऐका ना... तुमच्या डाव्या बुटाची नाडी सुटलीये."

तिसरीच्या वर्गाला शिकवणारी एक बाई हे एका बोर्डाशी बोलत होती. शिक्षक परिषदेत पोस्टर लावणाऱ्यांना नियमच तसा होता. दीड तास आपल्या पोस्टरपाशी उभं राहायचं, हलायचं म्हणून नाही. एका बोर्डाच्या दोन बाजूंना दोन पोस्टरं. तिच्या बाजूला कागदाच्या घड्या घालून शिकवायचे अपूर्णांक, आणि पलीकडे काय होतं देव जाणे. बोर्डाखालच्या वीतभर फटीतून दिसत होते ते फक्त दोन तपकिरी बूट.

"म्हणजे इकडे लक्ष देणाऱ्या तुम्ही पहिल्याच," बूट म्हणाले. "इथे अजून चिटपाखरू फिरकलेलं नाही."

"माझ्याकडे एकजण आले होते. चहा कुठे मिळतो ते विचारून गेले."

पलीकडून असं मोकळं हसू आलं की तीही हसली. तो भूगोलाचा मास्तर होता. मुलांकडून घर ते शाळा रस्त्याचे नकाशे काढून घ्यायचा. दीड तास कसा सरला, कळलंच नाही. एरवी मोजकं बोलणाऱ्या तिची जीभ त्या दिवशी अशी सुटली, की तिचं तिलाच नवल वाटलं. मग घंटा झाली, तो वळसा घालून समोर येऊन उभा राहिला... आणि हिची बोलती बंद. चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी बाई पिशवीच्या चेनशी चाळा करत राहिली. कसाबसा फोन नंबर दिला, एवढंच.

पुढे वर्षभर फोन चालू राहिले. फोनवर काय, तोंड दिसत नाही, त्यामुळे ती खुशाल बोलायची.

"वन्सं, अपूर्णांक इतके लांबतात होय?" वहिनी भाजी निवडता निवडता विचारायची, आणि ही फोन घेऊन गच्चीवर पळायची. व्हिडिओ कॉल करू का, असं त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने नेटवर्कच्या नावाने खडे फोडले.

अशातच यंदाच्या परिषदेचा अर्ज आला.

"काय निवडताय?" त्याने विचारलं.

"पोस्टर. आणखी काय?"

"मी कार्यशाळा म्हणत होतो. घडीचा नकाशा – घड्या तुमच्या, नकाशा माझा. पण कार्यशाळेला दोघं लागतात. समोरासमोर, लोकांदेखत."

"मला नाही जमायचं ते. तुम्हाला माहितीये."

"माहितीये. म्हणून तर अर्ज तुम्ही भरा म्हणतोय." त्याचा आवाज मऊ झाला. "पोस्टर निवडलंत तर मी बघायला नक्की येईन. फक्त... एक विचारायचं होतं, ते मग विचारणार नाही. रागाने नाही हं. समजून घेईन."

"काय विचारायचं होतं?"

"ते बोर्डाआडून विचारायचं नसतं."

मुदत शुक्रवारी पाचपर्यंत होती. साडेचारला शिक्षकांच्या खोलीत ती एकटीच कॉम्प्युटरपुढे बसली होती. बाहेर मैदानावर पोरांचा गलका चालला होता. तिने 'पोस्टर'वर खूण केली. खाली चौकट होती : हाच प्रकार का निवडला? पन्नास शब्दांत लिहा.

'पोस्टरमुळे मोकळा संवाद साधता...' एवढं लिहून तिचा हात थांबला. धडधडीत खोटं होतं ते. पोस्टर हवं होतं लपायला. आणि लपायचं कुणापासून, तर ज्याच्या फोनची वाट बघण्यात वर्ष गेलं त्याच्यापासून! तिचं त्याच्यावर प्रेम होतं. साधी गोष्ट होती, पण स्वतःशी कबूल करायला पावणेपाच वाजले.

तिने सगळं पुसलं. खूण कार्यशाळेवर केली, सहकारी म्हणून त्याचं नाव भरलं आणि चौकटीत लिहिलं : 'मुलांना मी रोज सांगते, चुकलं तरी चालेल, पण फळ्यापाशी या. गेल्या वर्षी मी स्वतःच आले नाही, कारण समोरचा माणूस मला फार आवडला होता. अजून आवडतो. यंदा मी येतेय.'

अर्ज गेला. संमतीसाठी तो सहकाऱ्याला जाणार, हे तिला माहीत होतं. परिषदेच्या समितीतली पाच माणसंही तो वाचणार, हे मात्र पाठवल्यावर ध्यानात आलं. तिने कपाळाला हात लावला.

दहा मिनिटांत उत्तर आलं. सहकाऱ्याची संमती : आहे. शेरा : विचारायच्या आधीच उत्तर मिळालं. तरी विचारणार आहे.

तिने फोन उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपणहून व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर उमटले दोन तपकिरी बूट. डाव्याची नाडी सुटलेली.

"म्हटलं, आधी ओळखीचं दाखवावं," आवाज आला. "कुणी घाबरायला नको."

"बूट पुरे झाले. फोन वर घ्या."

फोन वर आला. तो हसत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. म्हणजे घाबरणारी ती एकटीच नव्हती तर. पिशवी हाताशीच होती, पण चेनकडे तिचा हात गेला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, अगदी सरळ.

"विचारा," ती म्हणाली.