सात नंबरचं हसू

पैज माझीच. हरणाऱ्यानं दुपारी बारा वाजता खाली अंगणात, सगळ्या इमारतीसमोर, कोंबड्यासारखं आरवायचं.

शेजारचे शिंपीमास्तर म्हणाले, "फाइल नावानं सापडते. नाव बदललं की तुझं मशीन आंधळं."

"मास्तर, नावं माणसांसाठी. मशीन नंबर बघतं."

मी घरबसल्या एक प्रोग्राम लिहिला होता. तो साधा फोल्डर वेगळ्या डिस्कसारखा दाखवायचा आणि प्रत्येक फाइलला एक नंबर द्यायचा, दुसऱ्या कुणाला न मिळणारा. मास्तरांनी दहा फाइली आणल्या. त्यातच वहिनींचं, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं, रेकॉर्ड केलेलं हसू. अकरा सेकंद. त्या जाऊन सहा वर्षं झाली; त्यांचा आवाज उरला तो एवढाच. कशाला हसल्या, ते मास्तरांनाही आठवत नव्हतं.

हसू सात नंबरला होतं; नावं बदलल्यावरही मला ते नुसत्या नंबरावरून शोधून दाखवायचं होतं. मास्तरांनी सगळी नावं बदलली. मी ऐटीत सात नंबर ठेवला, बाकीचे नंबर न बघता पुसले.

उघडला. शिलाई मशीनची गॅरंटी.

मधे मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला होता, आणि माझ्या शहाण्या प्रोग्रामनं नव्या नावांच्या क्रमानं नंबर पुन्हा एकपासून वाटले होते.

"कॉपी आहे ना तुझ्याकडे?"

"मला वाटलं, तुमच्याकडे असेल."

मास्तरांचा एकच चाळा. गळ्यातली टेप काढून बोटांना गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. मी जन्मभर लोकांच्या खोड्या काढल्या, पण असं तोंड लपवावंसं कधी वाटलं नव्हतं.

उगाच यादी पुन्हा उघडली. एकच फाइल असायला हवी होती. दोन होत्या.

दोन्हींचा नंबर सात. असं होऊच शकत नाही. दुसरीला नावच नव्हतं.

लावली. वहिनी हसल्या.

मास्तर ढसाढसा रडले. माझा जीव भांड्यात पडला. आधी चार ठिकाणी कॉपी केली, मगच खुर्चीला टेकलो.

"अरे, पण ही चौदा सेकंदांची आहे," मास्तर म्हणाले.

पुन्हा लावली. हसण्याआधी तीन सेकंद कोंबडा आरवतो. माणसानं काढलेला आवाज. शेवटी फाटतो.

"तू कधी आरवला होतास तिच्यासमोर?"

"जन्मात नाही."

बाराला खाली उतरलो. गॅलऱ्या भरलेल्या. मास्तर पुढे उभे, खूप दिवसांनी दात दिसत होते त्यांचे. मी मुद्दाम वेगळा, जाडा आवाज लावला.

तो नेमका तिथेच फाटला.

सगळे हसले. पण कुणीतरी सगळ्यांच्या आधी हसलं.

ते हसू थांबेपर्यंत मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. अकरा सेकंद.